तुम्ही तुमचा मास्क आधी काढलात

सर,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. सांगलीत पोहण्याच्या तलावावर तुमच्याकडे स्कूबा शिकायला येणारे ओळखतीलच. (स्कूबा म्हणजे पाठीला हवेची टाकी आणि तोंडात तिची नळी घेऊन पाण्याखाली जायचं.) समोर बोलायला गेले की माझा गळा दाटतो आणि तुम्ही "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणून पुढच्याकडे वळता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

परवा मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात, सात-आठ मीटर खाली असताना माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. बघता बघता डोळ्यांपर्यंत चढलं. मी मान जराशी वर केली, मास्कची वरची कड कपाळावर दाबली आणि नाकाने सावकाश श्वास सोडला. पाणी गेलं. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे समोरच फिरत होते, ते पुन्हा दिसायला लागले. बरोबरच्या माणसाला काही झाल्याचं कळलंसुद्धा नाही. वर आल्यावर मी बोटीत बसून खूप रडले. सगळ्यांना वाटलं, घाबरले.

तुम्हाला मी सगळं कधी सांगितलं नव्हतं. तासगावकडे आमच्या मळ्यात पोरांना पोहायला शिकवायची एकच रीत होती, पाठीला डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचं. पोहायला आलं, पण तोंड कायम पाण्याच्या वर ठेवूनच. पुढे सांगलीत २०१९ चा महापूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या आमच्या घरातून छातीभर पाण्यातून बाहेर पडताना ते गढूळ पाणी नाकातोंडात गेलं. त्यानंतर कित्येक दिवस डोक्यावरून तांब्या ओतून घेतानाही माझा श्वास अडकायचा.

ही भीती जावी म्हणूनच मी एका ठिकाणी स्कूबाला गेले होते. ठिकाण सांगत नाही. "मॅडम, तुम्हाला काहीच करायचं नाही, फोटोत फक्त छान दिसायचं," एवढंच शिक्षण. मास्क गळायला लागला, मी नाकाने श्वास ओढला, पाणी आत गेलं आणि मी वर धडपडले. बोटीवर दोघं-तिघं हसले. "मॅडमचं झालं, पुढचे कोण?" पुढचे मुकाट्याने उठले.

त्या हसण्याचा राग मला आज जास्त येतो, कारण आज मला कळतं ते कशावर हसत होते. दहा मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेला श्वास कोंडून माणूस वर पळाला, तर छातीतली हवा वर येईतो दुप्पट व्हायला बघते. फुप्फुस फाटू शकतं. म्हणजे मास्कमधलं पाणी जागच्या जागी काढता येणं ही जिवाची गोष्ट आहे, आणि ती न शिकवता लोकांना खाली नेतात. फोटो मात्र न चुकता काढतात.

तुम्ही पहिल्या दिवशी मला टाकीला हातही लावू दिला नाहीत. पायरीवर बसवून मास्क हातात दिलात आणि विचारलंत, यात नाक का घेतलंय सांगा. पोहण्याच्या चष्म्यात नाक बाहेर असतं, म्हणून तो इथे चालत नाही. नाकातून सोडलेली हवा मास्कमध्ये वर जाऊन बसते आणि पाण्याला खालच्या कडेतून बाहेर ढकलते. इतकं साधं मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. शेजारच्या पैलवान पोराच्या मिशीमुळे मास्क सारखा गळायचा. त्याला तुम्ही मिशी काढ म्हणाला नाहीत, पाणी काढायला शिकवलंत.

माझं अडायचं ते मास्क पूर्ण काढायला सांगितलं की. नाकाशी पाणी लागलं की मी ताडकन उभी राहायचे. सगळं कळत होतं, पण अंग ऐकत नव्हतं. बाकीचे पुढे गेले. मी कठड्याला धरून उभी, आणि आता तुम्ही राहू दे म्हणणार अशी मनाची तयारी करून बसलेली.

तुम्ही काही बोलला नाहीत. उथळ बाजूला, उभं राहिलं की पाणी छातीला लागेल अशा जागी, माझ्यासमोर गुडघे टेकून बसलात. तुमचा मदतनीस माझ्या खांद्याशी होता. मग तुम्ही स्वतःचा मास्क काढलात, कोपरात अडकवलात आणि पाण्यात डोळे उघडे ठेवून बसून राहिलात. तोंडातून एका लयीत बुडबुडे निघत होते. एक हात माझ्यापुढे धरलात. मी तो पकडला आणि दुसऱ्या हाताने माझा मास्क ओढला. तुमचा चेहरा मला नुसता धूसर दिसत होता. मीही तुम्हाला तशीच दिसत असणार. बुडबुड्यांकडे बघत मी तोंडाने श्वास घेत राहिले. नाकाशी पाणी होतं आणि तरी श्वास चालू होता. माझा मास्क चढून रिकामा होईपर्यंत तुम्ही तुमचा घातला नाहीत. बाहेर आलो तेव्हा क्लोरीनने तुमचे डोळे लालभडक झाले होते. तुम्ही म्हणालात, "जमलं की."

शिकवणारे एकदा करून दाखवतात आणि आपला मास्क लगेच चढवतात, हे मला नंतर समजलं. तुम्हालाही तसं करता आलं असतं. आजवर "घाबरू नका" म्हणणारा प्रत्येक जण काठावर नाहीतर बोटीवर उभा होता. पुरात आमच्या गल्लीत होडी घेऊन आलेली पोरं आठवतात. आमच्या सासूबाई होडीत चढायला तयार नव्हत्या. त्यातला एक जण काही न बोलता खाली पाण्यात उतरला, त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, हात द्या." त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, त्याचा सल अजून आहे. अशी माणसं आपल्या भागात पुष्कळ आहेत. ती कुणाला लाजवत नाहीत, आणि त्यांचं कुठे छापूनही येत नाही. तुमच्या बाबतीत तरी मला गप्प बसायचं नाही.

जादा रविवारांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. आता पुन्हा काढले तर रागवाल, म्हणून काढत नाही. पण द्राक्षं उतरायला लागली की वहिनींना आणि मुलांना घेऊन तासगावला मळ्यावर जेवायला या. त्या मदतनीस पोरालाही आणा. माझ्या धाकट्या जावेचं नाव पुढच्या तुकडीत घ्या. पुरात तीही माझ्याबरोबर होती, तिला वेळ लागेल.

तुमची,
तलावावरची ताई