गडकरी साहेब, ड्रायव्हरला एसी दिला, आता गाडीखाली झोपलेल्याकडे पण बघा

मा. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

साहेब नमस्कार,

मी नागपूरला वाडीच्या बाजूला एका ट्रकच्या डीलरशिपमध्ये डिझेल मेकॅनिक आहे. बारा वर्षं झाली. आयटीआयला मेकॅनिक डिझेल केलं, एक वर्षाचा ट्रेड, मग अप्रेंटिस म्हणून लागलो आणि तिथंच चिकटलो. तुम्ही नागपूरचेच म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो, चुकलं तर घरचा पोरगा समजा.

आधी चांगलं बोलतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकला केबिनमध्ये एसी कंपल्सरी केला ते लय भारी काम झालं. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला काय सांगायचं. आता नवीन गाडी वर्कशॉपला आली की आमचा हेल्पर आधी एसी लावून पाच मिनिटं आत बसतो, कूलिंग चेक करतोय म्हणे. मी पण बसलोय, खोटं कशाला बोलू.

पण साहेब तीच एसीवाली गाडी रात्री दोन वाजता हैदराबाद रोडला वडकीच्या पुढे बंद पडते तेव्हा ड्रायव्हर केबिनमध्ये असतो आणि मी खाली डांबरावर असतो. त्याच्याबद्दलच हे पत्र आहे.

डीलरशिपचा मेकॅनिक म्हटलं की लोकांना वाटतं युनिफॉर्म, चकचकीत फ्लोअर, लॅपटॉप लावायचा आणि एरर कोड वाचायचा. ते पण आहेच. पण आमच्यातले निम्मे जण आळीपाळीने ब्रेकडाऊन ड्युटीवर असतात. कॉल आला की पिकअप काढायची, पान्यांची पेटी, जॅक, लॅपटॉप, थोडेफार पार्ट, एक हेल्पर आणि निघायचं. कॉल आल्याची वेळ कंपनीच्या सिस्टिममध्ये पडते, किती वेळात पोचलो, किती वेळात गाडी हलली सगळं मोजतात, उशीर झाला की सकाळी मॅनेजर विचारतो. आम्ही तिथं कसं काम केलं, मागून येणाऱ्या गाड्या किती लांबून गेल्या, हे कोणी विचारत नाही.

आता जागेचं बघा. ट्रकची रुंदी नियमाने 2.6 मीटरपर्यंत. आपल्या कितीतरी चौपदरी रस्त्यांना डांबरी शोल्डर, म्हणजे लेनच्या बाहेरची कडेची पट्टी, दीड मीटर, त्याच्या पुढे माती. लोड गाडी ड्रायव्हर मातीत घालत नाही कारण चाक रुतलं तर क्रेन लागते, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणजे गाडी अर्धी शोल्डरवर, अर्धी लेनमध्ये. आपण डाव्या बाजूने चालणारे, त्यामुळे उभ्या ट्रकची ड्रायव्हर साइड पूर्ण ट्रॅफिककडे. आता समजा त्याच साइडचा मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, गरम झाला, बेअरिंग गेलं, तर चाक खोलायला मी बसणार कुठे? लेनमध्येच ना. गाडीखाली झोपून काम असेल तर डोकं गाडीखाली आणि पाय रस्त्यावर. माझी बायको एकदा म्हणाली होती की पाय तरी आत घेत जा, आता तिला काय सांगू की पाना फिरवायला जोर पायातून येतो.

लोक हॉर्न मारत जातात, शिव्या देतात, गाडी साइडला घ्यायला काय होतं म्हणून. साहेब तुम्हाला गाड्यांचं कळतं, पण जे वाचतायत त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या ट्रकचा ब्रेक हवेवर असतो. मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये एक जाडजूड स्प्रिंग असते, हवेचं प्रेशर आहे तोपर्यंत ती दाबलेली राहते. पाईप फुटला, हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागून बसतो. सेफ्टीसाठीच बनवलंय ते, उतारावर गाडी पळू नये म्हणून, बरोबरच आहे. पण मग गाडी जिथं आहे तिथंच जाम. मधल्या लेनमध्ये असेल तर मधल्या लेनमध्ये. दहा माणसं लावली तरी इंचभर हलत नाही. ती हलवायची तर प्रत्येक चेंबरच्या मागे बोल्ट आवळून स्प्रिंग मागे ओढायची, म्हणजे परत कोणीतरी खालीच जायचं. आणि ती स्प्रिंग चुकीच्या पद्धतीने खोलली तर माणूस मारायची ताकद आहे तिच्यात, ट्रेनिंगला पहिल्याच दिवशी हे शिकवतात.

तर त्या वडकीच्या रात्री असंच झालं होतं. सिमेंटची लोड गाडी, हवेचा पाईप तुटलेला, गाडी डाव्या लेनमध्ये जाम. ड्रायव्हर यूपीचा, म्हणाला उस्ताद, दो घंटे से खड़ा हूँ, कोई नहीं रुका. त्याने मागे दगड मांडलेले आणि बाभळीची एक फांदी. मागच्यांना इशारा द्यायचा लाल त्रिकोण होता, पण एका गाडीने आधीच उडवलेला. मी खाली गेलो, हेल्पर मागे मोबाईलचा टॉर्च हलवत उभा. वीस वर्षांचा पोरगा, मोबाईलच्या टॉर्चने भरधाव लक्झरी बस थांबवायला निघालेला. एक कंटेनर इतक्या जवळून गेला की वाऱ्याने गाडीखालची धूळ पूर्ण माझ्या डोळ्यात. पाच मिनिटं काहीच दिसत नव्हतं, तसाच पडून राहिलो. मग थोड्या वेळाने पेट्रोलिंगची गाडी आली, लाल-निळा दिवा लावून आमच्या मागे उभी राहिली, आणि साहेब काय सांगू, सगळ्या गाड्या शंभर मीटर आधीच लेन बदलायला लागल्या. वीस मिनिटं ती गाडी होती. त्या वीस मिनिटांत मी तीन चेंबरचे बोल्ट आवळले. आधीच्या तासाभरात एक झाला होता.

मला जे मागायचंय ते एवढंच आहे, तो दिवा. हायवेवर पेट्रोलिंगच्या गाड्या आहेत, हायवेवरच्या मदतीचा 1033 नंबर आहे, सगळं आधीच आहे. फक्त असा नियम करा की लेनमध्ये अडकलेल्या ट्रकवर मेकॅनिक काम करतोय तोपर्यंत मागे दिवा लावलेली एक गाडी उभी राहील, काम संपेपर्यंत, मध्येच उठून जाणार नाही. आणि ती आल्याशिवाय मेकॅनिकने गाडीखाली जायचं नाही हे पण नियमातच लिहा, म्हणजे सकाळी उशीर का झाला विचारल्यावर आम्हाला दाखवायला कागद राहील. नाहीतर आम्ही जातो खाली. मालक फोनवर ओरडत असतो, टायमर चालू असतो.

ब्रेकडाऊनच्या पिकअपला पण काहीतरी ठरवा. रस्त्यावर मांडायचे प्लास्टिकचे कोन किती, जॅकेट कोणतं, टपावर पिवळा फिरता दिवा. आत्ता ज्याची त्याची मर्जी आहे. आमच्याकडे चार कोन होते, दोन उरलेत.

रस्ते चांगले झाले याची तक्रार करणारा मी पहिलाच असेन कदाचित. अमरावती ते अकोला मधला 75 किलोमीटरचा पट्टा 2022 ला 105 तास 33 मिनिटांत टाकला, गिनीजमध्ये गेला, आम्ही वर्कशॉपमध्ये मोबाईलवर बघितलं होतं, बरं वाटलं होतं. पण आधी खड्डे होते तेव्हा गाडी चाळीसने यायची आणि ब्रेक मारायची. आता ऐंशी-नव्वदने येते आणि ड्रायव्हर अर्धा झोपेत. खड्डे परत पाडा असं म्हणत नाहीये बाप्पा. पण स्पीड वाढला तशी थांबायची जागा पण वाढायला पाहिजे ना. सिवनी रोडला पेंचच्या जंगलात वाघांना जायला रस्त्याखालून जागा सोडली, एक तर 750 मीटर लांब आहे, चांगलंच केलं, वाघ वाचले पाहिजेत. तेवढी नको, एक लोड ट्रेलर पूर्ण आत बसेल आणि बाजूला एक माणूस बसून चाक खोलू शकेल एवढा पक्का कट्टा ठराविक अंतरावर द्या. हवा गेलेली गाडी तिथवर येणार नाही हे खरं, पण बाकीच्या बऱ्याचशा येतात, रखडत का होईना.

तुमच्या मंत्रालयाचा दरवर्षीचा अपघातांचा रिपोर्ट मी नेटवर उघडून बघितलाय. 2022 ला 1,68,491 लोक गेले. त्यात उभ्या गाडीला धडक असा वेगळा प्रकार आहे, मेलेले पादचारी किती, टू-व्हीलरवाले किती हे पण आहे. दुरुस्ती करताना गेलेला मेकॅनिक कुठे मोजता ते मला सापडलं नाही. बहुतेक पादचाऱ्यात. साहेब मी तिथं चालायला गेलेलो नसतो. एक रकाना वाढवा, आकडा लहान असेल तर लहान, पण दिसू तर द्या.

पगाराचं मुद्दाम लिहीत नाही, ते तुमच्या खात्याचं नाही. फक्त गंमत म्हणून सांगतो, माझा पगार 21,000 च्या वर गेला तेव्हा घरी पेढे आणले आणि काही महिन्यांनी कळलं की आता ईएसआयसीचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं कार्ड चालणार नाही, कारण लिमिटच 21,000 आहे. पेढे महाग पडले.

कधी रात्री हैदराबाद रोडला जाम गावाच्या पुढे जाताना रस्त्यात दगड मांडलेले आणि ट्रकखाली टॉर्च दिसला तर ड्रायव्हरला गाडी हळू करायला सांगा. आमच्यातलाच कोणी असेल.

आपला,
एक ब्रेकडाऊन मेकॅनिक, वाडी, नागपूर

ता. क. – युरियाचं राहिलंच. बीएस6 म्हणजे नवीन प्रदूषण नियमांच्या गाड्यांना धूर साफ करायला जे डीईएफ नावाचं पाणी लागतं त्यात 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी पाहिजे. रस्त्यावर बिनलेबलच्या कॅनमध्ये काय विकतात देव जाणे, स्वस्त मिळतं म्हणून ड्रायव्हर टाकतो, मग ते फवारणारा डोझर चोक होतो, सेन्सर बोंबलतो आणि गाडी स्वतःच पॉवर कमी करते, भर हायवेवर वीसच्या स्पीडने. आमचे कितीतरी कॉल याचेच असतात. ते कॅन विकणारे पकडले तरी आमच्या अर्ध्या रात्री वाचतील.