सायकलस्वारांनी गॉगल पारखून घ्यावा

महोदय,

पारा ४५ अंशांकडे झुकू लागला की नागपुरात रस्त्याकडेला स्वस्त गॉगलची विक्री जोरात सुरू होते आणि अंबाझरी, फुटाळा किंवा सेमिनरी हिल्सकडे सायकलने जाणारे अनेक जण केवळ काचेचा काळेपणा पाहून तो विकत घेतात. वास्तविक गडदपणाचा अतिनील किरणांपासूनच्या संरक्षणाशी थेट संबंध नसतो. उलट काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली विस्फारते आणि काचेत ती किरणे अडवण्याचा गुण नसेल, तर ती अधिक प्रमाणात आत शिरतात. म्हणून ४०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतची अतिनील किरणे अडवणारा ‘यूव्ही ४००’ चष्मा घ्यावा आणि नुसत्या स्टिकरवर न विसंबता, शक्य असल्यास, चष्म्याच्या दुकानातील यंत्रावर तपासून घ्यावा. सायकलस्वाराला उन्हाइतकाच त्रास धूळ, चिलटे आणि पुढच्या वाहनाच्या चाकाखालून उडणाऱ्या खड्यांचा होतो, त्यामुळे साध्या काचेऐवजी सहसा न फुटणाऱ्या पॉलीकार्बोनेट या प्लास्टिकची, कडेनेही डोळा झाकणारी भिंगे बरी. फ्रेमचा रंग ज्याने त्याने ठरवावा! पहाटे अंधारात निघणाऱ्यांनी मात्र पारदर्शक भिंगेच लावावीत, आणि गडदपणानुसार ठरणाऱ्या श्रेणींपैकी चौथ्या श्रेणीची अतिगडद भिंगे वाहतुकीच्या रस्त्यावर कोणीच वापरू नयेत.

– एक सायकलस्वार वाचक, धरमपेठ, नागपूर