थेरपीच्या पाऊण तासाला विमा का नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझा नातू साडेसहा वर्षांचा आहे. तो ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न आहे. गेल्या महिन्यात त्याने माझा पदर ओढून "आजी, पाणी" म्हटलं. तोवर तहान लागली की तो माठापाशी जाऊन नुसता रडायचा. त्या दोन शब्दांमागे दोन वर्षांची थेरपी आहे. आठवड्यातून तीनदा इथेच कऱ्हाडात ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी) आणि दोनदा एसटीने साताऱ्याला जाऊन स्पीच थेरपी. पाऊण तासाच्या एका सेशनचे पाचशे रुपये. महिन्याला दहा-अकरा हजार होतात, प्रवास वेगळा. त्याला घेऊन फिरायचं म्हणून मुलीने नोकरी सोडली. निम्मा खर्च माझ्या पेन्शनमधून जातो.

जावयाने कुटुंबाचा आरोग्य विमा काढलेला आहे. सहा महिन्यांची बिलं जोडून दावा केला, तर उत्तर आलं, 'रुग्ण किमान २४ तास रुग्णालयात दाखल नसल्याने दावा देय नाही.' ज्या मुलाला बोलायला, बटण लावायला, गर्दीचा आवाज सोसायला शिकवायचं आहे, त्याला दवाखान्याच्या पलंगावर झोपवून काय करायचं? त्याचा उपचार त्या पाऊण तासातच होतो. फोनवर चौकशी केली, तेव्हा सांगण्यात आलं की ऑटिझम हा आजारच नव्हे. नसेल, आम्हीही त्याला 'बरा' करायला निघालेलो नाही. पण मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच विमा संरक्षण द्यावं, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत ऑटिझमचं नाव स्पष्ट आहे. एवढं असून माझ्या नातवाच्या बिलाला कुठेच जागा नाही.

मी एकतीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. १९८७ साली माझ्या वर्गात एक मुलगा होता. खिडकीखाली बसून पाटीची चौकट गोल गोल फिरवायचा, हाक मारली तर बघायचा नाही. मी त्याला हट्टी समजले, एकदा छडीही मारली. तिसरीत त्याच्या वडिलांनी त्याला शाळेतून काढलं. नातवाचं निदान झालं, त्या रात्री मला तो मुलगा आठवला. तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं. आता डॉक्टरांना, शिक्षकांना, सरकारला ठाऊक आहे.

ऑटिझमसारख्या दिव्यांगत्वासाठी केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, तिचं मोल मी नाकारत नाही. तिच्यात एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, पण थेरपीसाठी राखलेली रक्कम आमच्यासारख्या घरात एक-दोन महिन्यांत संपते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेत मात्र ऑटिस्टिक मुलांच्या थेरपीचा खर्च ठरावीक दराने परत देण्याची तरतूद आहे. म्हणजे दर ठरवता येतो, बिल तपासता येतं. मग खासगी विम्यात तेच का होऊ नये?

विमा नियामक प्राधिकरणाने प्रत्येक आरोग्य पॉलिसीत ऑक्युपेशनल, स्पीच आणि वर्तन थेरपीचा खर्च रुग्णालयात दाखल होण्याच्या अटीशिवाय देणं बंधनकारक करावं. खोट्या बिलांची भीती असेल, तर नोंदणी क्रमांक मागावा. स्पीच थेरपिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी राज्याची स्वतंत्र परिषद आहे. आणि वर्षाला दहा-वीस सेशनची मर्यादा घालून बोळवण करू नये. आम्हाला तेवढी दोन-चार आठवड्यांत लागतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही राज्य सरकारने याचा समावेश करावा, कारण ज्यांच्या घरात पेन्शन नाही, त्यांची मुलं आज थेरपीविना घरात बसून आहेत. आमच्या सेंटरमध्ये आलेल्या एका आईने तीन महिन्यांनी येणं बंद केलं. तिचा मुलगा नुकताच 'आई' म्हणू लागला होता.

या महिन्याची बिलं मी पुन्हा त्याच कंपनीकडे पाठवते आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कऱ्हाड
(नातवाचा विचार करून नाव छापू नये, ही विनंती.)