बाबा, काठी डाव्या हातात

स्विंडन, इंग्लंड, रविवार दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

सुलू, याची प्रिंट काढून दे त्यांना, मोबाईलवर दाखवलंस तर बाबा दोन ओळी वाचून चष्मा शोधायला जातील. घरात आपण सगळे कोंकणीत भांडतो आणि पत्र लिहायला बसलं की हात आपोआप मराठीकडे वळतो, ही सवय बाबांनीच लावलेली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका त्यांच्या खात्यात.

मी बरा आहे. वृद्धाश्रमातली ड्युटी, बस, जेवण सगळं तेच. आई, जाकीट आहे, उकडे तांदूळ मिळतात, गोंयकारांची दुकानं आहेत इथं, आणि मी बारीक झालेलो नाही, तो कॅमेरा तसा दाखवतो.

आता मुद्द्याचं. परवा व्हिडिओ कॉलवर सुलूनं बाबांना न सांगता अंगणात चालताना दाखवलं (तिला ओरडू नका, मीच सांगितलं होतं). बाबा, दुखतो उजवा गुडघा आणि काठीही उजव्याच हातात. बहुतेक सगळे असंच धरतात, जिथं दुखतं तिथं टेकू द्यावासा वाटतो. पण चालताना उजव्या पायाबरोबर डावा हात पुढं जातो ना, म्हणून काठी डाव्या हातात घ्यायची आणि उजव्या पायाच्या जोडीनंच पुढं टाकायची, म्हणजे त्या पायावर भार पडायच्या वेळेला थोडा भार डावीकडून काठी उचलते. उजव्या हातात धरली की सगळं अंग त्याच बाजूला कलतं, मी बघितलं ना, अगदी होडी कलते तसं. दोन दिवस विचित्र वाटेल, मग जमेल.

दुसरं उंचीचं. ती काठी आजोबांची. आजोबा सहा फूट, तुम्ही नाही, त्यामुळे तुमचा खांदा कानाला लागतोय. रोजच्या चपला घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा, मनगटाच्या घडीपाशी मूठ आली पाहिजे, मग धरल्यावर कोपर जरासं वाकतं, ते बरोबर. सुलू, जमिनीपासून घडीपर्यंत टेपनं मोज आणि लिहून ठेव. आजोबांची काठी कापा असं मी म्हणणार नाही, घाबरू नका. ती देवाच्या खोलीत ठेवा. त्याच काठीवर तुम्ही जत्रेच्या नाटकात म्हातारा करायचात आणि एंट्रीलाच टाळ्या पडायच्या. तेव्हा चाळिशीत अख्ख्या गावासमोर वाकून काठी टेकत यायला काही वाटत नव्हतं आणि आता देवळात भजनाला जात नाही, का तर लोक बघतील. लोकांनी तुम्हाला इतकी वर्षं काठीसकटच बघितलंय हो!

अ‍ॅल्युमिनियमची घ्या, भोकं आणि बटण असलेली, उंची कमीजास्त होते. मूठ गोल वळलेली नको, हाताला रुतते, आडवी सपाट बघा. आणि खालचं रबराचं बूच हीच खरी वस्तू आहे. त्याच्या तळाच्या रेघा झिजल्या की बदलायचं, टायरसारखं. दोन जास्तीची आणून ठेवा. सुलूनं फुकट काठीचं विचारलं होतं, तर ती केंद्राची वयोश्री योजना आहे, 2017 पासून, कानपूरची सरकारी कंपनी एलिमको वस्तू पुरवते, पण ती 60 च्या वरच्या, कमी उत्पन्नवाल्यांना. बाबांच्या पेन्शनमुळे आपण बसत नाही. शेजारच्या मावशीसाठी पंचायतीत चौकशी कर मात्र.

काकांनी म्हापशाहून चार पायांची काठी आणून दिली, त्यांचे उपकार आहेतच, पण ती वापरू नका. तिचे चारही पाय एकदम टेकले तरच तिचा उपयोग. आपल्या अंगणातले चिरे वरखाली, एक पाय कायम हवेत राहणार, माणूस त्या भरवशावर टेकतो आणि तोल जातो. ती एका बाजूनं लुळं पडलेल्या माणसाला सपाट लादीवर बरी. वॉकरची तर आज गरजच नाही. पुढं लागला तर ते फिजिओ ठरवेल, दुकानदार नाही.

दाराच्या तीन पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, मग काठी आणि दुखरा. उतरताना उलटं, काठी आणि दुखरा आधी. माझं रोज इथं हेच बोलणं. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं सामान दोन्ही हातांत घेऊन तुम्ही त्या शेवाळावरून उतरताना घसरलात, त्यात काठीचा दोष नाही, काठी तर आत सोप्यावर होती. पायऱ्या ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्या, एका बाजूला पाईपचा कठडा बसवा.

एक इथली गंमत सांगतो, आधी मलाही कळली नव्हती. इथं वॉकरला झिमर म्हणतात आणि आमच्या होममधल्या म्हाताऱ्या माणसांचे झिमर सजवलेले असतात. म्हणजे खरंच सजवलेले, लोकरीचे गोंडे, प्लॅस्टिकची फुलं, फुटबॉल टीमचे झेंडे. मला वाटलं कुणाचा वाढदिवस आहे. नंतर कळलं की सगळे झिमर करड्या रंगाचे, सारखेच, ज्यांना स्मृतिभ्रंश आहे त्यांना आपला कुठला ते ओळखता येत नाही, मग ते तसेच उठून चालायला लागतात आणि पडतात, नाहीतर दुसऱ्याचा घेतात, आणि तो दुसऱ्याच्या उंचीला लावलेला असतो. लाल गोंडेवाला आपला, एवढं मात्र लक्षात राहतं. आमच्याकडे एक आजोबा आहेत, इथल्या रेल्वे कारखान्यात होते, तो 1986 ला बंद झाला. त्यांचा झिमर पूर्ण हिरवा, पुढं पुठ्ठ्याची पाटी, 'इव्हनिंग स्टार', ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं वाफेचं इंजिन ते, 1960 साली इथंच बनलं. कॉरिडॉरमधून येताना तोंडानं शिट्टी मारतात. आपण नाही का दसऱ्याला स्कूटरला झेंडूची माळ घालत, तसंच. यंदा एक माळ काठीलाही घाला.

आई, तू फोनवर म्हणालीस की तिथल्यांना हाताला धरून चालवतोस. पुढचं बोलली नाहीस, पण कळलं. मला त्याचे पैसे मिळतात, त्यातून घर चालतं, आणि हे सगळं मी इथंच शिकलो, घरी असतो तर मीही काठी उजव्या हातातच दिली असती. आणि जा म्हणून बाबांनीच सांगितलं होतं, गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा, म्हणून त्यांच्या 1953 च्या जन्मदाखल्यावर लिस्बनला नोंद झाली, मग माझी, आणि त्या पोर्तुगीज नागरिकत्वावर 2019 ला येता आलं. तक्रार नाही, नुसतं सांगतोय.

पैसे. 40,000 पाठवलेत, सोसायटीचा हप्ता आधी भरा. बाकीच्यात न्हाणीत भिंतीला पक्के हँडल, टॉवेलच्या दांडीला धरून उठायचं नाही आणि ते चिकटणारे रबराचेही नकोत. उरतील ते सुलूच्या दागिन्यांत घाला. माझ्यासाठी आलेला तो डिचोलीचा फोटो बघितला, मुलगी चांगली आहे, पण सध्या नको, कारण विचारू नका.

सुलूच्या लग्नाचं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरताय तो बरोबरच आहे, माझ्यासाठी पुढं ढकलू नका. डिसेंबरची सुट्टी मागितली होती, नाही मिळाली. आता मोपा विमानतळ घराजवळ आहे वगैरे मला माहीत आहे आई, प्रश्न अंतराचा नाही. कन्यादानाला बाबांना पाटावर बसवू नका, भटजींना आधीच सांगून स्टूल ठेवा, आणि बाबांना उठवताना काखेत हात घालून कुणी ओढू नका, त्यांचं ते उठतील, काठी डावीकडे ठेवा. कानपिळीला काकांचा मोठा उभा राहील, त्याच्याशी मी बोललोय. सुलू, त्याला सांग नवऱ्याचा कान जोरात पिळायचा, लाजायचं नाही, मी तेवढ्यासाठी फोन चालू ठेवणार आहे.

तुमचा,
बाबू