अ‍ॅशवेलच्या भिंतीवरचा मजकूर

लंडन, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

काल हर्टफर्डशायरमधल्या अ‍ॅशवेलला जाऊन आलो. स्टेशनपासून गाव तीनेक किलोमीटर. चर्चचा मनोरा मात्र लांबूनच दिसायला लागतो. १७६ फूट उंच! एवढ्याशा गावाला एवढा मनोरा बघून तूही थबकला असतास.

हे सेंट मेरी चर्च बरंचसं चौदाव्या शतकातलं, टप्प्याटप्प्यानं बांधलेलं. दगडाला तिथे 'क्लंच' म्हणतात. खडूच्याच जातीचा, पांढरट आणि मऊ. बाहेरून तो ऊनपावसानं झिजतो, पण आत साध्या टोकदार खिळ्यानंही त्यावर लिहिता येतं. आणि लोकांनी लिहिलंय रे! एका खांबावर कुणीतरी चिडून कोरलंय: कोपऱ्यांचे सांधे नीट जुळलेले नाहीत, थुंकतो मी यांच्यावर. पाथरवटच असणार.

पण मी गेलो होतो मनोऱ्याच्या तळाशी, उत्तरेच्या भिंतीवरच्या लॅटिन ओळींसाठी. सुरुवातीला साल, तेही रोमन आकड्यांत, कोड्यासारखं: एम, तीनदा सी, पाचदा एक्स. म्हणजे १३५०. प्लेगनं १३४८-४९ मध्ये इंग्लंडची गावंच्या गावं रिकामी केली, त्यानंतरचं. दयनीय, हिंस्र, उग्र असे शब्द आहेत. आणि पुढे: साक्षीला उरलेत ते लोकांतले सगळ्यात हलके. उरलेल्यांत हे लिहिणारा स्वतःही होता ना! चांगली माणसं गेली आणि आपण मागे राहिलो, हे त्याला किती सलत असेल. शेवटी १३६१ चं वादळ नोंदलंय, १५ जानेवारीचं, सेंट मॉरच्या दिवसाचं. तेव्हा वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचं, म्हणून आपल्या हिशेबानं ते १३६२. १३६१ मध्ये प्लेगही परत आला होता.

तुझी आजी तिच्या आईकडून ऐकलेल्या गोष्टी सांगायची, आठवतं? १८९७ चं पुणं, गावाबाहेरच्या झोपड्या, ओस पडलेले वाडे. तोच हा रोग. भिंतीपाशी उभा असताना मला तिचाच आवाज ऐकू येत होता.

जवळच एका मोठ्या चर्चचं चित्र कोरलंय. लंडनचं जुनं सेंट पॉल्स, असं मानतात. त्याचा उंच कळस १५६१ मध्ये वीज पडून गेला आणि उरलेली इमारत १६६६ च्या आगीत. इथे कळस अजून शाबूत आहे.

तू उन्हाळ्यात येशील तेव्हा पुन्हा जाऊ. चांगली टॉर्च आण. उजेड समोरून टाकला तर काहीच दिसत नाही. भिंतीलगत आडवा धरला की एकेक अक्षर वर येतं.

तुझाच