बाबा, एफडी मोडू नका

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोन मधेमधे तुटत होता. ग्रंथालयातली जुनी नोकरी पेन्शनमध्ये धरून घ्यायची तर मला पैसे भरावे लागतील, एवढंच सांगून झालं होतं. बाबा, "म्हणजे केलेली नोकरीच पुन्हा विकत घ्यायची? हा कुठला धंदा?" एवढं म्हणून तुम्ही फोन आईकडे दिलात. नंतर दादाकडून कळलं की तुम्ही बँकेत जाऊन एफडी मोडायची चौकशीही करून आलात. आधी तेवढंच सांगते, एफडीला हात लावू नका. मला पैसे नकोत. का नकोत ते आकड्यांसकट लिहिते, कारण आकडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तुम्हाला काही पटत नाही.

माझी पेन्शन कॅलपर्सकडे आहे. कॅलपर्स म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सरकारी नोकरांचा निवृत्तिनिधी. १९३२ पासून चालू आहे, मुख्य कार्यालय सॅक्रामेंटोला. राज्याचे कर्मचारी त्यात आहेतच, शिवाय शेकडो नगरपालिका करार करून आल्या आहेत आणि आमचं ग्रंथालय अशाच एका नगरपालिकेचं. हिशेब तुमच्या ओळखीचा आहे: नोकरीची वर्षं गुणिले टक्का गुणिले पगार. पगार म्हणजे शेवटच्या महिन्याचा नाही, सलग छत्तीस महिन्यांची सगळ्यात मोठी सरासरी. टक्का वयावर ठरतो. माझ्या वेळच्या लोकांना बासष्टाव्या वर्षी दर वर्षाच्या नोकरीमागे २ टक्के, सदुसष्टाव्या वर्षी अडीच. बावन्नाव्या वर्षीही निघता येतं, पण तेव्हा एकच टक्का.

मी आधी ग्रंथालयात तासावर होते, आठवतंय ना? आई, तू शेजारी सांगताना तासाचा भाग गाळायचीस! तेव्हा मी कॅलपर्सची सभासद नव्हते. हंगामी माणसाचे एका आर्थिक वर्षात हजार तास भरले की त्याला सभासद करून घ्यावं लागतं. आर्थिक वर्ष इथे जुलै ते जून. त्यामुळे तासवाल्यांना हजाराच्या अलीकडेच रोखायची चाल बऱ्याच ठिकाणी आहे. एप्रिल-मे आला की माझ्या पाळ्या विरळ व्हायच्या आणि मला वाटायचं, उन्हाळ्यात वाचक कमी येत असतील. २०१६ मध्ये कायम झाले, तिथून माझी वर्गणी सुरू झाली. त्याआधीचं काम पेन्शनच्या कागदावर कुठेच नाही.

ते कागदावर आणायची सोय कायद्यात आहे. सभासद होण्याआधीची, पण त्याच व्यवस्थेतल्या मालकाकडे केलेली सेवा मागून जोडून घेता येते. पैसे किती? तेव्हा माझ्या पगारातून जी वर्गणी कापली गेली असती ती, अधिक आजवरचं व्याज. आता बाबा, पेन्सिल घ्या. तासाला वीस डॉलर आणि सगळे मिळून अठराशे तास धरा, म्हणजे छत्तीस हजार डॉलरची कमाई. त्यावर सात टक्के वर्गणी, अडीच हजार. इतक्या वर्षांचं व्याज धरून साधारण पाच हजार. तासांवर काम करणाऱ्याचं पूर्ण वर्ष १,७२० तासांचं धरतात, म्हणजे मला एक वर्ष आणि वर थोडं मिळेल. निवृत्तीच्या वेळी माझा पगार महिना सहा हजार डॉलर असेल असं धरलं, तर एका वर्षाचे दोन टक्के म्हणजे महिना एकशेवीस. साडेतीन वर्षांत पाच हजार वसूल, पुढचं सगळं वर. महागाईची वाढ तुमच्या डीएसारखी नाही, बहुतेकांना वर्षाला दोन टक्क्यांच्या आतच मिळते, पण मिळते.

हे इतकं स्वस्त पडतं कारण मी फक्त माझा वाटा भरते, उरलेला बोजा नगरपालिकेवर जातो. सगळ्या प्रकारच्या सेवेला हा भाव लागत नाही. बाळंतपणानंतर मी बिनपगारी रजा घेतली होती, ती जोडायची तर हिशेब दुसरा. ती जोडून पेन्शन जेवढी वाढेल, त्या वाढीची आजची पूर्ण किंमत माझ्याच खिशातून जाईल. ते महिने मी सोडून देणार आहे. नात बघून वसूल झाले असं समजा.

बाबा, तुम्ही युनियनवाले, म्हणून एक गोष्ट खास तुमच्यासाठी. पूर्वी इथे न केलेली नोकरीसुद्धा विकत मिळायची! पाच वर्षांपर्यंत. पैसे भरा आणि कधीच न बजावलेली सेवा पदरात पाडून घ्या. तिला लोक 'एअरटाइम' म्हणायचे. जेरी ब्राउन गव्हर्नर असताना पेन्शन सुधारणेचा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१३ पासून ते बंद झालं. अग्निशमन दलवाल्यांची संघटना कोर्टात गेली. नोकरीला लागताना जी सवलत होती ती आमचा हक्कच, असं त्यांचं म्हणणं. मार्च २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा काही न काढून घेता येणारा हक्क नव्हे. संघटनेचा राग मला कळतो, तरी निकाल मला बरोबर वाटतो. राबलेल्या तासांचा हक्क वेगळा आणि न राबलेल्या वर्षांची खरेदी वेगळी.

दादाला हे वाचून दाखवा. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागला म्हणून त्याच्या वाट्याला जुनी पेन्शन आली नाही, आणि मार्च २०२३ च्या संपात तो आठवडाभर घोषणा देऊन घसा बसवून आला होता. तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे, अशी फाळणी त्या २०१३ च्या कायद्याने इथेही आहे. माझ्याच टेबलावरची एक बाई २०१३ च्या आधी लागली. तिचा नियम माझ्यापेक्षा उदार, काम मात्र दोघींचं एकच.

आणि बाबा, तुमची मस्टरवरची वर्षं. कालव्यावर रोजंदारीने होतात ती. पेन्शनच्या कागदांत ती धरली गेली नाहीत, याचं तुम्ही कधी नाव काढलं नाहीत, आईने मात्र दर दिवाळीला काढलं. तुम्हाला कुणी विचारलं असतं की तेव्हाची वर्गणी व्याजासकट भरा, वर्षं देतो, तर तुम्ही उधारी करूनही भरली असती, हे मला माहीत आहे. म्हणूनच रविवारी तुम्ही इतके चिडलात, असा माझा अंदाज. पण म्हणून माझ्या वर्षांचे पैसे तुम्ही भरावेत, हे मला चालणार नाही.

पैशांची व्यवस्था झाली आहे. इथे पगारातून स्वतःहून बाजूला टाकायचं ४५७ नावाचं खातं असतं, त्यातून ही रक्कम कर न भरता थेट वळवता येते. नाही तर पगारातून हप्ते, पंधरा वर्षांपर्यंतचे. मी खात्यातूनच भरणार, हप्त्यांवर पुन्हा व्याज कशाला. मी मधेच गेले तर काय? (आई, रागावू नकोस, बाबांनी विचारलंच असतं.) भरलेले पैसे व्याजासह घरच्यांना परत मिळतात. आणि उद्या कायमची भारतात आले तरी पेन्शन बुडत नाही, पाच वर्षांची सेवा कधीच पुरी झाली आहे. फक्त नोकरी सोडताना वर्गणी काढून घ्यायची नाही. आमच्याकडच्या एकाने ती काढून घर घेतलं आणि परत नोकरीला आल्यावर ती व्याजासकट पुन्हा भरत बसला.

आता अडलंय ते जुन्या पगारपत्रकांवर. तेव्हाचे तास नगरपालिकेने लिहून द्यायचे असतात. सेवापुस्तकात नोंद नाही तर नोकरीच नाही, हे तुमचं वाक्य इथे तंतोतंत लागू. माझ्या तेव्हाच्या साहेबीण बाई निवृत्त झाल्या, पण माझ्याकडे पगाराच्या चिठ्ठ्या आहेत. तुमच्याच धाकाने एकही टाकली नव्हती. अर्ज निवृत्तीच्या आधी कधीही चालतो, पण व्याज चढत राहतं म्हणून मी याच महिन्यात पाठवते आहे.

एफडीची मुदत संपली की आईच्या नावाने नवी करा, ज्येष्ठ नागरिकांचा दर मागून घ्या, बँकवाले आपणहून सांगत नाहीत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहू नका, दादाच्या फोनवरून चेहरा दाखवून होतो. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का, ते मात्र कुणीच कळवलं नाही. त्याचा फोटो काढून पाठवा.

तुमची,
ताई