मार्चमधल्या पायाबद्दल

बर्न, स्वित्झर्लंड, १४ सप्टेंबर

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

मार्च महिन्यात माझा उजवा घोटा मोडला, तेव्हा स्टेशनच्या पायऱ्यांवरच्या बर्फावरून पाय घसरला असे मी तुम्हांला सांगितले होते. ते खोटे होते. घोटा मोडला तो लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात, पॅराशूटने एका कुरणात उतरताना. आणि ती उडी विमानातून नव्हे, कड्यावरून मारलेली होती. गेल्या रविवारी बाबांनी फोनवर पुन्हा विचारले, की पायऱ्यांवर मीठ न टाकणाऱ्या त्या नगरपालिकेला तक्रारीचे पत्र पाठवलेस की नाही, आणि मसुदा हवा असेल तर करून देतो म्हणाले. त्यानंतर हे खोटे पुढे रेटणे मला जमेना.

विमानातून मी उड्या मारते हे तुम्हांला ठाऊक आहे. शीतल महाजनांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी घेतली, त्या बातमीचे कात्रण बाबांनीच मला पाठवले होते. मी लपवला तो त्याच्या पुढचा प्रकार. त्याला ‘बेस’ म्हणतात. इमारत, मनोरा, पूल आणि धरती या चार जागांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जुळवून तो शब्द झाला आहे; धरती म्हणजे कडा. अमेरिकेतल्या कार्ल बोनिश यांनी १९७८ मध्ये योसेमिटीच्या एल कॅपिटान कड्यावरच्या उड्यांचे चित्रीकरण केले, तिथून या प्रकाराला आजचे रूप आले. चारही जागांवरून उडी मारणाऱ्याला क्रमांक देण्याची प्रथा १९८१ मध्ये पडली आणि बोनिश यांचा क्रमांक चौथा होता. १९८४ मध्ये नॉर्वेतल्या ट्रोलवेगन कड्यावर उडी मारताना ते गेले. हे मी मुद्दाम आधी लिहिते आहे, कारण पुढे कधी ते तुम्हांला दुसरीकडून कळावे असे मला वाटत नाही.

बाबांचा पहिला प्रश्न मला आत्ताच ऐकू येतो: दुसरे पॅराशूट असते ना? नसते. विमानातून उडी मारताना पाठीवर दोन असतात, आणि माणूस बेशुद्ध पडला तरी सुमारे २२५ मीटर उंचीवर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे यंत्रही असते. आता लाउटरब्रुनेनचा स्टाउबाख धबधबा घ्या, ज्याचा फोटो तुमच्या दिवाणखान्यात लावला आहे. तो जवळपास ३०० मीटर उंच आहे, आणि तेवढ्या उंचीवरून काहीही न उघडता पडणारा माणूस आठ-नऊ सेकंदांत जमिनीवर असतो. पहिले पॅराशूट बिघडले आहे हे ओळखणे, ते सोडून देणे, दुसरे उघडणे आणि ते पूर्ण भरणे, एवढ्याला वेळ पुरत नाही. म्हणून सगळा भार एकाच पॅराशूटवर टाकतात आणि ते अत्यंत सावकाश, अर्धा-पाऊण तास घेऊन, घडी करतात.

आई, ही घडी तुला दाखवायची मला फार इच्छा आहे, कारण इथे कुणाला साडीची घडी घालता येत नाही आणि मला तुझ्यामुळे येते. कापड जमिनीवर पसरून एकेक कप्पा मोजून बाजूला घ्यायचा, दोऱ्या मध्यभागी सरळ ठेवायच्या, कुठेही पीळ पडू द्यायचा नाही, आणि शेवटी गुडघ्याने हवा काढत ते पाठीवरच्या पिशवीत बसवायचे. दोऱ्यांवर सरकणारा एक चौकोनी रुमाल असतो, त्याला स्लायडर म्हणतात. वेगात उघडणाऱ्या पॅराशूटचा हिसका तो कमी करतो. पण उंची कमी असेल तर तोच उघडण्याला उशीर लावतो, म्हणून अशा ठिकाणी तो खाली बांधून किंवा काढून ठेवावा लागतो. तो वर ठेवायचा की खाली, हा निर्णय घरच्या जमिनीवर बसून, त्या दिवशीचा कडा ठरवून घ्यायचा असतो. कड्यावर पोहोचल्यावर मन बदलले तर उडी मारायची नाही, पुन्हा घडी घालायची.

खरी भीती मात्र पॅराशूट न उघडण्याची नसते. ते उघडते, पण तोंड कड्याकडे करून उघडते, ही असते. तेव्हा पाठीमागचे पट्टे ओढून ते वळवायला डोळ्यांची उघडझाप व्हावी इतकाच अवकाश मिळतो. त्यासाठी मी घराच्या छताला कडी बसवून घेतली आहे आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी पट्ट्यांत लटकून डावीकडे, उजवीकडे एवढेच करत असते. खालच्या मजल्यावरच्या आजींना मी तो योगाचा प्रकार असल्याचे सांगितले आहे. हेही खोटेच, पण त्यांना एवढे मोठे पत्र लिहिण्याची गरज नाही.

मार्चमध्ये यातले काहीच बिघडले नाही. सामान उत्तम चालले. चूक माझी होती. दुपार होऊ लागली की त्या खोऱ्यातला वारा बदलतो हे मला माहीत असूनही मी ‘एक शेवटची’ म्हणून वर गेले आणि वारा पाठीवर घेऊन उतरले, त्यामुळे जमीन अपेक्षेपेक्षा फार वेगाने आली. शेतकऱ्याने मला उचलून बाकावर बसवले आणि सर्वांत आधी विचारले, ‘कार्ड आहे का?’ तिथे उडी मारणाऱ्यांनी लँडिंग कार्ड विकत घ्यायचे असते आणि ते पैसे आम्ही ज्यांची कुरणे तुडवतो त्या शेतकऱ्यांसाठी असतात. ते गवत म्हणजे त्यांच्या गाईंचा हिवाळ्याचा चारा. गवत वाढले की त्यात उतरायचेच नाही, आणि उडीपूर्वी हेलिकॉप्टरच्या तळावर फोन करून ‘जाऊ का’ असे विचारायचे, हेही तिथले नियम. उभ्या भातातून चालत गेलेल्या पाहुण्याला आजोबा काय म्हणाले असते ते आठवले आणि त्या शेतकऱ्याचा मला मुळीच राग आला नाही.

आता विंगसूटचे, म्हणजे पंखांच्या पोशाखाचे. ते मी विमानातून वापरते, पाठीवर दोन पॅराशूट घेऊन, आणि तेही विमानातून २०० साध्या उड्या झाल्यावरच. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचा हा नियम आमचा क्लबही पाळतो. आई, हा पोशाख तू पाहशील तर आधी उलटा करून शिवण बघशील. दोन्ही बाह्यांपासून कमरेपर्यंत आणि दोन्ही पायांच्या मध्ये कापडाचे दुहेरी थर असतात. त्यांच्यामध्ये उभ्या पट्ट्या शिवून, उशांच्या खोळी ओळीने जोडाव्यात तसे कप्पे केलेले असतात. पुढच्या तोंडांतून वारा शिरला की ते फुगतात आणि अंगाचाच पंख होतो. एक मीटर खाली जाताना अडीच मीटरच्या आसपास पुढे जाता येते. त्याचे आजचे रूप फ्रान्सच्या पात्रिक द गायार्दाँ यांनी १९९०च्या दशकात घडवले. १९९८ मध्ये हवाईत त्यांचा मृत्यू झाला, तो विंगसूटमुळे नव्हे, तर पॅराशूटच्या पिशवीत स्वतः केलेल्या बदलात चूक राहिल्यामुळे. तेव्हा माझ्या पोशाखाची एखादी टीप उसवलेली दिसली तरी कृपया मशीनवर घेऊ नकोस.

कड्यावरून उडी आणि विंगसूट ही दोन्ही मला येत असली तरी ती एकत्र करणे ही तिसरीच गोष्ट आहे. कड्यावरून पाय सुटताना वारा शून्य असतो, कप्पे रिकामे असतात, आणि पंख धरेपर्यंतचे काही सेकंद माणूस शिवलेल्या पोत्यातून पडत असतो. शिवाय पंख पाठीमागे वाऱ्याचा एक पोकळ भाग तयार करतात, त्यात पॅराशूट ओढणारी छोटी छत्री रेंगाळू शकते. आणि एकदा उडता येऊ लागले की उताराच्या, झाडांच्या जवळून जाण्याचा मोह होतो. उली एमानुएले २०१५ मध्ये खडकातल्या एका अरुंद भोकातून उडत गेला. ऑगस्ट २०१६ मध्ये इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांत उडताना त्याचा मृत्यू झाला, आणि त्याच महिन्यात फ्रान्समधल्या शामोनीत अलेक्झांडर पोलीचा. हे नवशिके नव्हते, जगातले उत्तम उडणारे होते. त्याच वर्षी शामोनीने विंगसूट उड्डाणांवर बंदी घातली. मला ती तेव्हा जाचक वाटली होती, आता वाटत नाही.

बाबा, तुम्ही आकडे मागाल. नॉर्वेतल्या शेराग कड्यावर १९९५ ते २००५ या काळात २०,८५० उड्यांची नोंद झाली. त्यात नऊ मृत्यू, म्हणजे २,३१७ उड्यांमागे एक, आणि इजा २५४ उड्यांमागे एक. माझ्या कड्यावरच्या उड्या ६१ झाल्या आहेत. तुम्ही भागाकार करणारच, म्हणून मीच सांगते: त्या हिशोबाने मी अडीच टक्क्यांहून थोडी अधिक जोखीम घेतली, आणि इजेचा माझा वाटा घोट्यात वसूल झाला. त्या नोंदींच्या काळात विंगसूट नुकताच रुळत होता, म्हणून त्याच्यासाठी हा आकडा धरू नये.

या महिन्यात विंगसूटसह कड्यावरून पहिली उडी मारायचे ठरले होते. गेल्या शनिवारी म्यूरेनजवळच्या कड्यावर आम्ही तिघे उभे होतो, फांदीला वाऱ्याची फीत बांधली होती, आणि पाहता पाहता ती आमच्याकडे, म्हणजे कड्याच्या दिशेने, उडू लागली. कोकणकड्यावर बाबांनी मला पोटावर झोपवून खाली पाहायला लावले होते आणि मी टाकलेली गवताची काडी वाऱ्याने परत माझ्याच तोंडावर आणून टाकली होती. तेव्हा आपण किती हसलो होतो. तोच वारा इथे पॅराशूटला भिंतीवर नेऊन आदळतो. सर्वांत अनुभवी मुलगी म्हणाली, ‘मी चालत जाते.’ कुणी तिला कारण विचारले नाही. आम्ही पोशाख काढले, पिशवीत भरले आणि रोपवेच्या स्टेशनाकडे निघालो. वाटेत माझ्या लक्षात आले, की तिने म्हटले नसते तर मी स्वतःहून म्हटले असते याची मला खात्री नाही.

म्हणून या वर्षी मी ती उडी मारणार नाही, हे मी तुम्हांला लिहून देते आहे. पुढच्या वर्षी काय, ते आत्ता सांगत नाही. खोटे आश्वासन देण्यापेक्षा ते बरे. साधी उडी मारायला जाण्यापूर्वी मात्र तुम्हांला कळवत जाईन, आणि खाली पोहोचल्यावर फोन करीन. तुम्हांला राग आला असेल तर तो दिवाळीपर्यंत राखून न ठेवता फोनवरच काढा.

दिवाळीत मी पॅराशूट घेऊनच येत आहे. दिवाणखान्यातले टीपॉय गच्चीवर ठेवून जागा करून ठेवा. बाबा, नगरपालिकेचे पत्र मात्र पाठवू नका.

तुमची,
मंजिरी